‘बोर्ड’ हा शब्द एक की अनेक?

प्रश्न असा आला आहे: ब्लॅकबोर्ड, बोर्डिंग स्कूल, बोर्डिंग पास आणि बोर्ड ऑफ डायरेक्टर्स या सगळ्यांतला ‘बोर्ड’ एकच आहे का? असेल तर फळा, जेवणखाण, विमानात चढणं आणि कंपनीचे संचालक यांचा एकमेकांशी संबंध काय? की शब्दकोशात दिलेले सगळे अर्थ सरळ पाठ करून टाकावेत? आणि ‘बॉर्डर’चा याच्याशी काही संबंध आहे का?

पाठ करू नका, हे आधी सांगते. इंग्रजी शब्दकोश आणि भाषांतर यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. पाठ केलेला अर्थ ऐन वाक्यात दगा देतो, हे त्या काळात पुन्हा पुन्हा पाहिलंय. ‘बोर्ड’च्या बाबतीत दोनच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा: लाकडाची फळी आणि जहाजाची कड. तुम्ही दिलेल्या चार शब्दांपैकी तीन फळीच्या घराण्यातले आहेत. बोर्डिंग पास मात्र कडेच्या घराण्यातला.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ असेच दोन शब्द होते. त्या भाषेत मराठीसारखी तीन लिंगं होती. नपुंसकलिंगी ‘बोर्ड’ म्हणजे फळी. पुल्लिंगी ‘बोर्ड’ म्हणजे कड, किनार, आणि विशेषकरून जहाजाची बाजू. पुढे इंग्रजीतली लिंगव्यवस्था मोडली आणि दोघांना वेगळं ठेवणारी खूणच गेली. शिवाय जहाजाची बाजू फळ्यांचीच बनलेली, त्यामुळे बोलणाऱ्याला फरक जाणवायचंही कारण उरलं नाही. हे दोन शब्द त्याही आधी एकाच मुळातून फुटले होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अर्थ समजून घेताना मात्र दोन धरून चाललेलं बरं.

फळीपासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजी काव्यात ‘बोर्ड’चा एक अर्थ ढाल असा आहे, कारण ढाल लाकडी फळ्यांची असे. 937 साली ब्रुनानबुर्हच्या लढाईत एथेलस्टान राजाचा विजय झाला. त्यावरची कविता ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या इंग्रजी बखरीत आहे. तिच्या सुरुवातीलाच ‘बोर्डवेआल क्लुफान’ असे शब्द येतात. बोर्डवेआल म्हणजे ढालींची भिंत, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या सैनिकांनी एकमेकांना भिडवलेल्या ढाली. क्लुफान म्हणजे त्यांनी फोडली. इंग्रजी भाषांतरकार इथे तळटीप देतात. मराठी वाचकाला तिची गरज नाही, कारण आपण म्हणतो ‘फळी फोडली’. आपल्याकडेही फळी म्हणजे लाकडाचा सपाट तुकडा आणि फळी म्हणजे लढणाऱ्यांची रांग. ‘आघाडीची फळी’, ‘दुसऱ्या फळीतले नेते’ हे आपण आजही सहज बोलतो. दोन्ही भाषांतले रस्ते वेगवेगळे असतील, पण फळीवरून माणसांच्या रांगेवर जाणं मराठी कानाला नवं नाही. हे लक्षात असू द्या, संचालकांपाशी पोचल्यावर उपयोगी पडेल. इंग्रजीतून ढालीचा अर्थ मात्र पुढे पार पुसला गेला.

टिकला तो टेबलाचा अर्थ. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या घरात एक मुख्य दालन असे. जेवण तिथेच, न्यायनिवाडा तिथेच, आणि रात्री नोकरमाणसं झोपायची तीही तिथेच. अशा ठिकाणी अवजड टेबल कायमचं मांडून ठेवणं परवडायचं नाही. म्हणून जेवणाच्या वेळी लाकडी घोड्या उभ्या करायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, आणि जेवणं झाली की सगळं उचलून भिंतीला लावायचं. पाय तात्पुरते, खरं टेबल म्हणजे वरची फळी. त्यामुळे फळीचं नाव टेबलाला मिळालं यात नवल नाही. स्वीडिश भाषेत आजही टेबलाला ‘बोर्ड’ असाच शब्द आहे. थंड-गरम पदार्थांनी मांडलेल्या मेजवानीचा ‘स्मॉर्गसबोर्ड’ हा शब्द इंग्रजीने तिथूनच उचलला.

1066 मध्ये नॉर्मन आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच आली, आणि हळूहळू ‘टेबल’ने ‘बोर्ड’ला जेवणघरातून हटवलं. पण टेबलाचं कूळ पाहिलंत तर तिथेही फळीच निघते. लॅटिन ‘तबुला’ म्हणजे फळी, लिहायची पाटी. टॅब्लेट याच घरातलं. टॅब्लॉइडही. बरोज वेलकम या औषध कंपनीने 1884 साली दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवलं. मग काहीही आटोपशीर केलं की त्याला टॅब्लॉइड म्हणू लागले, आणि शेवटी तो शब्द छोट्या आकाराच्या वर्तमानपत्रांना जाऊन चिकटला. थोडं विषयांतर झालं, पण हा प्रवास मला फार आवडतो.

‘बोर्ड’कडून टेबल गेलं तरी टेबलावरचं अन्न त्याच्याकडेच राहिलं. चौदाव्या शतकापासून ‘बोर्ड’ म्हणजे रोजचं जेवण असा अर्थ सापडतो. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे राहण्या-जेवणाची सोय. पैसे देऊन दुसऱ्याच्या टेबलावर जेवणारा तो बोर्डर. विद्यार्थी जिथे जेवतात आणि राहतात ती बोर्डिंग स्कूल. हॉटेलच्या दरपत्रकात ‘फुल बोर्ड’ लिहिलेलं असेल तर तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं, ‘हाफ बोर्ड’ असेल तर बहुधा न्याहारी आणि रात्रीचं जेवण. बोर्डिंगमध्ये राहणं येतं ते जेवणाच्या पाठोपाठ, मूळ अर्थ जेवणाचाच.

याच अर्थाची एक जोडी इंग्रजीत फार घट्ट बसली आहे: ‘बेड अँड बोर्ड’, शेज आणि ताट. धर्मसुधारणेच्या आधी इंग्लंडमध्ये ‘सॅरम’ नावाच्या चर्चच्या विधिपद्धतीने लग्नं लागत. त्यात वधू शपथ घेई की मी ‘बॉनेर अँड बक्सम इन बेड अँड अ‍ॅट बोर्ड’ राहीन. म्हणजे शेजेवर आणि जेवणाच्या टेबलावर, सर्वत्र, मी सौम्य आणि आज्ञाधारक राहीन. यातला ‘बक्सम’ चुकीचा वाचू नका. आज तो शब्द भरल्या अंगाच्या स्त्रीसाठी वापरतात. तेव्हा त्याचा अर्थ होता वाकणारा, म्हणून नमणारा, म्हणून आज्ञेतला. 1549 च्या प्रार्थनापुस्तकात हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी प्रेम, सांभाळ आणि आज्ञापालन आलं. पण जोडी कायद्यात राहिली. पती-पत्नी कायद्याने वेगळे राहतात पण विवाह मोडत नाही, अशा विभक्तीला चर्चच्या कायद्यात लॅटिनमध्ये ‘अ मेन्सा एत थोरो’ म्हणत, म्हणजे टेबलापासून आणि शेजेपासून. इंग्रजीत त्याचंच ‘फ्रॉम बेड अँड बोर्ड’ झालं. कायद्याचं भाषांतर करणाऱ्याने इथे ‘बोर्ड’ला मंडळ म्हटलं तर वाक्याचा पार विचका होतो.

‘कबर्ड’ही टेबलच होतं. लिहिताना ‘कप’ आणि ‘बोर्ड’ दोन्ही शाबूत आहेत, उच्चारात मात्र ते एकमेकांत विरघळले आहेत. चौदाव्या शतकात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ होता पेले मांडून ठेवायचं टेबल, उघडं. दारं नंतर आली. काही जण आपलं ‘कपाट’ या कबर्डवरून आलं असं ठामपणे सांगतात, ते खरं नाही. संस्कृतातच ‘कपाट’ आहे आणि त्याचा अर्थ दाराची फळी, दार. दार असलेली ठेवणीची जागा ती कपाट. दोन शब्द ऐकायला जवळचे वाटतात, त्यापलीकडे त्यांचं नातं नाही.

आता संचालक. जेवण उरकलं की त्याच टेबलाभोवती बसून हिशेब व्हायचे, मसलती व्हायच्या. सोळाव्या-सतराव्या शतकात ‘बोर्ड’ म्हणजे सल्लागारांचं टेबल, मग त्या टेबलावरची बैठक, मग त्या बैठकीला बसणारी माणसं, असा अर्थ सरकत गेला. आपल्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. ‘सगळं गाव लोटलं’ म्हटलं की घरं आणि रस्ते चालत आले असं कोणी समजत नाही. तसंच ‘बोर्डाने ठरवलं’ म्हणजे टेबलाभोवतीच्या माणसांनी ठरवलं.

याचा ढळढळीत पुरावा म्हणजे इंग्लंडच्या राजवाड्यातलं ‘बोर्ड ऑफ द ग्रीन क्लॉथ’. राजघराण्याच्या खर्चाचे हिशेब तपासणारे अधिकारी ज्या टेबलाशी बसत त्यावर हिरवं कापड अंथरलेलं असे. मंडळाला नाव पडलं ते त्या कापडावरूनच. पुढे राजवाड्यांच्या आसपासच्या मद्यालयांना परवाने देण्याचं कामही त्यांच्याकडे होतं, आणि परवान्यांचा कायदा बदलल्यावर 2004 साली हे मंडळ संपलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवायला ब्रिटिश पार्लमेंटने 1784 च्या कायद्याने जे नेमलं ते ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’. परीक्षा घेणारं बोर्ड, कंपनीचं बोर्ड, ही सगळी त्याच रांगेतली.

सामानाचं नाव माणसांना मिळण्याची सवय इंग्रजीला भरपूर आहे. न्यायाधीशांचं ‘बेंच’ म्हणजे मुळात बाक. ‘बँक’ इटालियन बाकावरून आली, सराफ त्यावर पैसे मांडून बसत. ‘ब्यूरो’ आला फ्रेंचमधल्या जाड्याभरड्या लोकरी कापडाच्या नावावरून: आधी मेजावरचं कापड, मग मेज, मग कचेरी, मग खातं. ‘पॅनेल’ म्हणजे कापडाचा तुकडा. ज्यूरीची नावं चर्मपत्राच्या पट्टीवर लिहीत, त्या पट्टीला पॅनेल म्हणू लागले आणि अखेर त्या माणसांनाच.

इथे एक व्यवहारातली गोष्ट. ‘शी इज ऑन द बोर्ड’ आणि ‘शी इज ऑन बोर्ड’ यांत फक्त ‘द’चा फरक आहे, पण अर्थ पूर्ण वेगळे. पहिल्यात ती संचालक मंडळावर आहे. दुसऱ्यात ती जहाजावर किंवा विमानात आहे, किंवा लाक्षणिक अर्थाने ती आपल्या बाजूने आहे, तिची तयारी आहे. ‘वुई नीड टू गेट द फायनान्स टीम ऑन बोर्ड’ याचं ‘वित्त विभागाला मंडळावर घ्यायला हवे’ असं भाषांतर मी एकाहून अधिक ठिकाणी तपासताना खोडलं आहे. तिथे म्हणायचं असतं: वित्त विभागाला विश्वासात घ्या, त्यांची संमती मिळवा. ‘द’ असला तर टेबल, नसला तर जहाज, एवढं धरून चाललात तरी बहुतेक वाक्यं सुटतात. क्रियापदाकडेही बघा. ब्रिटिश लेखक ‘द बोर्ड हॅव डिसायडेड’ असं अनेकवचन करतात, अमेरिकन ‘हॅज’ लिहितात. दोन्ही बरोबर आहे, एका मजकुरात मिसळू मात्र नका.

आता जहाजाकडे, म्हणजे दुसऱ्या ‘बोर्ड’कडे. इथला पुरावा फार सुंदर आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस ओहथेरे नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे आला आणि त्याने उत्तरेकडच्या सफरीची हकीकत सांगितली. ती तेव्हाच्या इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. तीन दिवस ओसाड जमीन ‘स्टेओरबोर्ड’ला होती आणि मोकळा समुद्र ‘बॅकबोर्ड’ला, असं तो सांगतो. तो नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला चालला होता, म्हणजे जमीन उजव्या हाताला. स्टेओरबोर्ड ती उजवी बाजू, बॅकबोर्ड ती डावी.

उजवी बाजू ‘स्टेओर’, म्हणजे सुकाणूची, का? कारण तेव्हा सुकाणू जहाजाच्या मागे मधोमध नसे. उजव्या कडेला, मागच्या टोकाजवळ, एक रुंद पात्याचं वल्हं बांधलेलं असे. नॉर्वेत 1904 साली उत्खननात निघालेल्या, नवव्या शतकातल्या ओसेबर्ग जहाजावर हे वल्हं उजव्या बाजूला आहे. ते धरून उभ्या राहिलेल्या सुकाणूवाल्याची पाठ डाव्या बाजूला होई, म्हणून ती ‘बॅक’ची, पाठीची बाजू. जर्मन आणि डच खलाशी डाव्या बाजूला आजही याच शब्दाने ओळखतात, फ्रेंचांनीही ‘बाबोर’ तिथूनच घेतला. आश्चर्य म्हणजे खुद्द इंग्रजीने तो टाकून दिला.

त्याच्या जागी आलं ‘लारबर्ड’, आधीच्या रूपात ‘लाडबोर्ड’, बहुधा माल चढवायची बाजू. सुकाणू उजवीकडे असल्यावर धक्क्याला लावायची ती डावीच बाजू, नाहीतर वल्हं चिरडेल. ‘स्टारबर्ड’शी यमक जुळावं म्हणून ‘लाड’चं ‘लार’ झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. वादळात, शिडांच्या फडफडाटात, कप्तान ओरडला ‘स्टारबर्ड’ की ‘लारबर्ड’, हे कळणार कसं? अखेर ब्रिटिश आरमाराने 1844 मध्ये हुकूम काढून ‘लारबर्ड’ बंद केलं आणि ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला. अमेरिकन आरमाराने दोन वर्षांनी तेच केलं. नुसत्या उच्चाराच्या गोंधळामुळे सरकारी हुकमाने शब्द हद्दपार झाल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं कमीच.

‘पोर्ट’ आणि ‘स्टारबर्ड’ यांवरून सांगितली जाणारी एक गोष्ट मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. ‘पॉश’ हा शब्द म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबर्ड होम’ यांच्या आद्याक्षरांतून आला. हिंदुस्थानला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीत असे, श्रीमंत लोक ती राखून ठेवत, आणि तिकिटावर ती चार अक्षरं छापलेली असत. गोष्ट इतकी बेतशीर आहे की खरी वाटते. पण अशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही, आणि ही व्युत्पत्ती छापील स्वरूपात दिसते तीसुद्धा शब्द रूढ झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. विसाव्या शतकाच्या आधीच्या शब्दाची आद्याक्षरी व्युत्पत्ती कोणी सांगितली की मी तरी आधी पुरावा मागते. तशी पद्धतच तेव्हा जवळपास नव्हती.

जहाजाची कड म्हटल्यावर पुढचे अर्थ आपोआप उलगडतात. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेवरून पलीकडे, पाण्यात. ‘टू बोर्ड’ हे क्रियापद आधी लढाईचं होतं: आपलं जहाज शत्रूच्या जहाजाच्या कडेला भिडवायचं आणि त्यावर उड्या टाकायच्या. मग ते शांततेतल्या चढण्यालाही लागू झालं, जहाजावरून आगगाडीवर आलं, तिथून विमानावर. बोर्डिंग पास तो हाच. हल्ली नव्या कर्मचाऱ्याला कामात रुळवण्याला ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात, तेही याच कडेवरून चढतं, संचालकांच्या टेबलाशी त्याचा संबंध नाही. ‘गो बाय द बोर्ड’ हा वाक्प्रचार तर हमखास फसवतो. मोडलेली डोलकाठी जहाजाच्या कडेवरून समुद्रात जाई, त्यावरून तो आला. अर्थ: बेत किंवा तत्त्व बारगळणं, वाऱ्यावर जाणं.

‘अबव्ह बोर्ड’ मात्र पुन्हा टेबलाचं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात त्याचा उगम जुगाऱ्यांकडे नेला आहे: हात टेबलाखाली गेले की पत्ते बदलले जातात, म्हणून हात वर दिसले की व्यवहार सरळ. ‘अक्रॉस द बोर्ड’ अमेरिकन घोड्यांच्या शर्यतींतून आला. एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही क्रमांकांसाठी सारखी रक्कम लावायची, तो ‘अक्रॉस द बोर्ड’ डाव. मराठीत त्याला ‘सरसकट’ हा नेमका शब्द आहे.

सपाट वस्तूंची नावं उरली, त्यांत फार गुंतागुंत नाही. ब्लॅकबोर्ड, कीबोर्ड, कार्डबोर्ड, सर्फबोर्ड: लाकूड असो वा नसो, सपाटपणा पुरे. फक्त ‘ब्रेडबोर्ड’कडे जरा थांबा. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी तात्पुरतं सर्किट जोडायला जो भोकांचा प्लास्टिकचा पट्टा वापरतात त्याला हे नाव का? कारण रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हौशी लोक खरोखरच पाव कापायच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळत. फळी गेली, नाव राहिलं.

शेवटचा प्रश्न ‘बॉर्डर’चा. हो, नातं आहे, पण कडेच्या ‘बोर्ड’शी, आणि तेही फ्रेंचमार्गे. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, भाषेतला कडेचा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘बोर’ झाला, त्यावरून ‘बोर्द्युर’ म्हणजे किनार, आणि ती चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘बॉर्डर’ म्हणून आली. म्हणजे वसतिगृहातला ‘बोर्डर’ आणि देशाची ‘बॉर्डर’ इंग्रजांच्या तोंडी आज बहुधा एकसारखेच ऐकू येतात, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, पण पहिला आला फळीवरून आणि दुसरी कडेवरून.